खुर्ची आधी, माणूस नंतर : सी. राइट मिल्स अभ्यासण्याची एक पद्धत

सत्तेच्या समाजशास्त्राकडे नव्याने वळलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांचे नाव बहुतेक वेळा एका ओळीत भेटते: अमेरिकेतील बड्या कंपन्या, लष्कर आणि शासन या तिन्हींच्या शिखरावर बसलेली मोजकी माणसे देशाचे मोठे निर्णय घेतात, असे त्यांनी १९५६ मध्ये मांडले. ओळ खोटी नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या समाजशास्त्र या वैकल्पिक विषयाच्या अभ्यासक्रमात ‘पॉवर एलिट’ हा शब्दच छापलेला असल्यामुळे ती गाइडांमधून तशीच पाठ केली जाते, आणि परीक्षेतल्या छोट्या टिपेला ती पुरतेही. मात्र त्या ओळीवर थांबणाऱ्याच्या हाती मिल्स यांचा निष्कर्ष लागतो, रीत लागत नाही. निष्कर्ष १९५० च्या दशकातील अमेरिकेपुरता होता आणि तो बराचसा जुना झाला आहे, रीत मात्र अजून चालते. ती रीत हाती यावी म्हणून मिल्स यांचे आयुष्य, त्यांचे मुख्य पुस्तक, त्यावरची टीका आणि त्यांचा प्रभाव कोणत्या क्रमाने आणि कोणती काळजी घेऊन अभ्यासावा, ते येथे सांगितले आहे. साधारण महिनाभराचा वेळ, शंभरेक कोरी कार्डे आणि त्यांच्या या मुख्य पुस्तकाची, ‘द पॉवर एलिट’ची, एक प्रत एवढे साहित्य पुरते. प्रत मिळवताना निवड असेल तर २००० सालची आवृत्ती घ्यावी, कारण तिच्या शेवटी ॲलन वुल्फ यांनी लिहिलेला लेख जोडलेला आहे आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर मागे वळून पाहणारा वाचक मिल्स यांच्याकडे कसा पाहतो, हे त्यातून कळते.

आधी एका शब्दापासून सावध राहावे

‘एलिट’साठी मराठी राज्यशास्त्रात ‘अभिजन’ हा शब्द रुळला आहे आणि येथेही दुसरा शब्द शोधण्याचा खटाटोप केलेला नाही; पण हा शब्द मराठी वाचकाला हळूच चुकीच्या वाटेने नेतो, हे सुरुवातीलाच ओळखलेले बरे. ‘अभिजन’मध्ये कुळाचा, खानदानीपणाचा अर्थ आहे. शिवाय महाराष्ट्रात तो नेहमी ‘बहुजन’ या शब्दासमोर उभा राहतो, त्यामुळे तो उच्चारताच जात आणि संस्कार या दोन गोष्टी आपोआप ऐकू येतात. मिल्स यांच्या व्याख्येत यांपैकी काहीच नाही. त्यांच्या दृष्टीने सत्ताधारी अभिजन म्हणजे अशा पदांवर असलेली माणसे, की ज्या पदांवरून घेतलेल्या किंवा न घेतलेल्या निर्णयांचे परिणाम साऱ्या देशाला भोगावे लागतात. माणूस हुशार आहे की सामान्य, थोर आहे की क्षुद्र, हा प्रश्न नंतरचा, आधी पद. मराठीत आपण सत्तेला सरळ ‘खुर्ची’ म्हणतोच. मिल्स वाचताना ‘अभिजन’ या शब्दाच्या जागी मनातल्या मनात ‘खुर्चीवाले’ असे वाचले, तर निम्मे गैरसमज टळतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

याच ठिकाणी मिल्स यांचे आपल्या पूर्वसूरींशी असलेले नाते पाहून घ्यावे, फार खोलात न जाता. इटलीचे गाएतानो मोस्का यांनी १८९६ मध्ये प्रत्येक समाजात संघटित अल्पसंख्या असंघटित बहुसंख्येवर राज्य करते, असे म्हटले. विल्फ्रेदो परेतो यांनी प्रत्येक क्षेत्रातील सर्वाधिक कर्तबगार माणसांना अभिजन मानून त्यांच्या उदयास्ताचे चक्र सांगितले. रॉबर्ट मिखेल्स यांनी १९११ मध्ये, मुख्यतः जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे पाहून, संघटना वाढली की सत्ता वरच्या थोड्यांच्या हाती जाणारच, हा आपला ‘पोलादी नियम’ मांडला. या तिघांच्या बोलण्यात सार्वकालिक नियमाचा सूर आहे: असेच होते, असेच होणार. मिल्स यांना हा सूर मान्य नाही. अमेरिकेत एके काळी सत्ता पुष्कळ विखुरलेली होती, दुसऱ्या महायुद्धाने आणि त्यानंतरच्या शीतयुद्धाने ती तीन ठिकाणी गोळा झाली, आणि हे का व कसे झाले ते तपासता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. परीक्षेच्या उत्तरात या चौघांना एका माळेत ओवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी.

आयुष्य किती वाचावे आणि कशासाठी

मिल्स यांच्या चरित्रात गोष्टी रंगवून सांगण्याजोगे पुष्कळ आहे. टेक्सासहून आलेला दांडगा माणूस, बीएमडब्ल्यू मोटरसायकलवरून विद्यापीठात येणारा, स्वतःच्या हातांनी घर बांधणारा, सहकाऱ्यांशी भांडणारा, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेला. या गोष्टी एकदा वाचाव्यात आणि सोडून द्याव्यात. पुस्तकाचा अर्थ उलगडायला उपयोगी पडणारे चरित्र याहून आटोपशीर आहे.

चार्ल्स राइट मिल्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१६ रोजी टेक्सासमधील वेको येथे झाला. वडील विमा विकण्याच्या व्यवसायात होते. मध्यमवर्गीय पगारी आणि विक्रेत्या माणसाच्या जगण्यावर मिल्स यांनी १९५१ मध्ये ‘व्हाइट कॉलर’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा ते जग त्यांनी लहानपणापासून घरातच पाहिलेले होते. टेक्सास विद्यापीठातून १९३९ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण संपवून ते विस्कॉन्सिनला गेले. तेथे हान्स गेर्थ या जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या विद्वानाशी त्यांची गाठ पडली आणि दोघांनी मिळून माक्स वेबर यांच्या लेखांचा इंग्रजी अनुवाद १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. ही नोंद कार्डावर ठळक करावी. मिल्स यांना मार्क्सवादी म्हणून बाजूला सारणारे, आणि मार्क्सवादी म्हणून डोक्यावर घेणारेही, एक गोष्ट विसरतात: वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता या तिन्हींना वेगवेगळे धरण्याची सवय त्यांना वेबरकडून लागली होती. ‘सत्ताधारी वर्ग’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला, कारण त्या शब्दात पैशाकडे असलेलाच राज्य करतो हे उत्तर आधीच भरून ठेवलेले आहे, असे त्यांना वाटत होते.

युद्धाच्या काळात ते मेरीलँड विद्यापीठात, म्हणजे वॉशिंग्टनच्या अगदी शेजारी शिकवीत होते. उच्च रक्तदाबामुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नव्हते. राजधानीत युद्धखाती फुगत होती, कारखानदार सरकारी पदांवर येत होते आणि पेंटॅगॉनची अवाढव्य इमारत १९४३ मध्ये उभी राहिली होती. हे सारे जवळून पाहणाऱ्या तरुण अध्यापकाने पुढे तेरा वर्षांनी कोणते पुस्तक लिहिले, याचे आश्चर्य वाटू नये. १९४५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले. तेथील सामाजिक संशोधन केंद्रात पॉल लाझर्सफेल्ड यांच्या हाताखाली त्यांनी इलिनॉय राज्यातील डेकेटर या गावाच्या पाहणीचे काम केले, त्यातून दोघांचे बिनसले, आणि त्या बिनसण्याचा सैद्धान्तिक हिशेब १९५९ च्या ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’मध्ये चुकता झाला. याच कोलंबियाच्या अध्यक्षपदी १९४८ मध्ये कोण आले, हेही कार्डावर लिहून ठेवावे: जनरल ड्वाइट आयझेनहॉवर. सेनापती विद्यापीठाच्या खुर्चीत, तेथून १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत. मिल्स यांना आपल्या विषयाचे उदाहरण शोधायला विद्यापीठाच्या आवाराबाहेर जावे लागले नाही.

पुस्तक मुखपृष्ठापासून वाचू नये

‘द पॉवर एलिट’मध्ये पंधरा प्रकरणे आहेत आणि ती क्रमाने वाचायला बसणारा वाचक बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात अडकतो. कारण दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत मिल्स गावोगावच्या प्रतिष्ठित मंडळींविषयी, महानगरांतील खानदानी घराण्यांविषयी आणि नट-नट्यांसारख्या प्रसिद्ध व्यक्तींविषयी बोलतात, आणि आपण वाट पाहत असतो सत्तेची. ही प्रकरणे उगाच नाहीत. प्रतिष्ठा आणि सत्ता एकच नव्हेत, हे दाखवण्यासाठी ती आहेत. पण ती मागाहून वाचावीत.

पहिले प्रकरण सावकाश, शक्य तर दोनदा वाचावे. व्याख्या तेथेच आहे. मग थेट बाराव्यावर जावे. त्यात पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद एकत्र येतो, विशेषतः शिखरावरील माणसांत एकी कशी निर्माण होते याची तीन कारणे: त्यांचे सामाजिक मूळ, शिक्षण आणि स्वभाव सारखे असतात, त्यांच्या संस्थांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असतात, आणि काही वेळा ते जाणीवपूर्वक एकमेकांशी सल्लामसलत करतात. तिसरे कारण तिसरेच आहे, याकडे लक्ष द्यावे. हा कट नव्हे, असे मिल्स यांनी स्पष्ट लिहिले आहे, तरीही त्यांचे पुस्तक कटाची कथा म्हणून वाचण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

यानंतर पाचवे, आठवे आणि दहावे ही प्रकरणे घ्यावीत: अतिश्रीमंत, सेनापती आणि राजकीय संचालक मंडळ. पाचव्या प्रकरणात मिल्स यांची पद्धत उघडी पडते, म्हणून त्याच्यावर दोन दिवस घालवावेत. १९००, १९२५ आणि १९५० या तीन पिढ्यांतील २७५ अतिश्रीमंत व्यक्ती त्यांनी निवडल्या आणि त्यांची मुळे शोधली. गरीब घरातून आलेल्यांचे प्रमाण पहिल्या पिढीत ३९ टक्के, दुसऱ्या पिढीत १२ टक्के आणि तिसऱ्या पिढीत ९ टक्के निघाले. हे आकडे वहीत उतरवून घेऊन एक प्रश्न स्वतःला विचारावा: कष्टाने वर येणाऱ्या मुलाची जी कथा अमेरिका स्वतःला सांगत आली, ती खोटी ठरवायला मिल्स यांना एकाही श्रीमंताची निंदा करावी लागली का? लागली नाही. मोजणी पुरली. (पुस्तकात इतरत्र त्यांची जीभ चांगलीच तिखट आहे, विशेषतः शेवटच्या प्रकरणात, तेथे मोजणी कमी आणि संताप जास्त आहे, आणि मला तो त्यांचा कमकुवत भाग वाटतो.)

अकरावे आणि तेरावे प्रकरण जोडीने वाचावे. एकात सत्तेचा समतोल असतो या समजुतीचा समाचार आहे, दुसऱ्यात स्वतंत्र मत बनवणारा सुजाण नागरिकवर्ग विरघळून त्याचा निष्क्रिय जमाव कसा होतो, याचे वर्णन आहे. अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य, कामगार संघटना, दबावगट हे सारे मिल्स यांच्या चित्रात मधल्या पायरीवर आहेत. तेथे ओढाताण खूप, वर्तमानपत्रांत जागाही खूप, पण युद्ध आणि शांततेसारखे निर्णय तेथे होत नाहीत. उरलेली प्रकरणे आठवड्याच्या शेवटी चाळली तरी चालतात.

एक कार्ड, जवळून

आता हात चालवण्याचे काम. मिल्स यांनी ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’च्या परिशिष्टात आपण काम कसे करतो, हे मनमोकळेपणे सांगितले आहे, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढेच एक परिशिष्ट वाचले तरी त्याचे वर्ष वाया जाणार नाही. त्यांचा आग्रह फाइल ठेवण्याचा आहे: वाचलेले, ऐकलेले, सुचलेले, अर्धवट राहिलेले सर्व नोंदवून ठेवायचे आणि मधूनमधून उलथेपालथे करायचे. त्याच धर्तीवर १९४५ ते १९५६ या काळातील दहा-पंधरा माणसांची कार्डे करावीत. कार्डाच्या डोक्यावर माणसाचे नाव न लिहिता खुर्चीचे नाव लिहावे, खाली त्या खुर्चीत कोण, कधी, कोठून आला आणि उठून कोठे गेला, एवढेच.

उदाहरणार्थ, ‘संरक्षणमंत्री, १९५३’ हे कार्ड घ्या. त्यावर नाव येते चार्ल्स अर्विन विल्सन. १९४१ पासून जनरल मोटर्सचे अध्यक्ष, जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात, ऑक्टोबर १९५७ मध्ये बाहेर. त्यांच्याजवळ जनरल मोटर्सचे शेअर होते, ती कंपनी लष्कराची मोठी पुरवठादार होती, आणि सिनेटच्या समितीसमोर हा प्रश्न निघाला तेव्हा आपले शेअर विकायला ते सुरुवातीला राजी नव्हते; अखेरीस विकावे लागले. या सुनावणीतले त्यांचे एक वाक्य जगभर उलटे करून सांगितले जाते: ‘जनरल मोटर्सच्या हिताचे तेच देशाच्या हिताचे’. प्रत्यक्षात त्यांनी आधी देशाचे हित म्हटले, ते कंपनीच्याही हिताचे असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो असे सांगितले, आणि ‘याच्या उलटही’ अशी पुस्ती जोडली. दुसऱ्याच्या लेखातून उचललेले अवतरण कार्डावर उतरवण्याआधी मूळ पाहावे, हा धडा येथे फुकटात मिळतो. मिल्स यांच्या युक्तिवादाला अर्थात खरे वाक्यच अधिक सोयीचे आहे. दोन्ही हितांमध्ये फरक असू शकतो, ही शंकाही ज्याला शिवत नाही असा माणूस मुरब्बी लबाडापेक्षा त्यांच्या सिद्धान्ताला जास्त पोषक ठरतो.

दुसरे कार्ड ‘संरक्षण सज्जता कार्यालयाचे संचालक, १९५०’ असे करावे. नाव येते चार्ल्स एडवर्ड विल्सन, जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख. नावे इतकी सारखी, की वर्तमानपत्रांनी गोंधळ टाळायला एकाला ‘इंजिन चार्ली’ आणि दुसऱ्याला ‘इलेक्ट्रिक चार्ली’ म्हणायला सुरुवात केली. तिसरे कार्ड जॉर्ज मार्शल यांचे: युद्धकाळात लष्करप्रमुख, १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री, १९५० मध्ये संरक्षणमंत्री. चौथे जॉन फॉस्टर डलेस यांचे: न्यूयॉर्कमधील बड्या कंपन्यांची कामे पाहणाऱ्या वकिली संस्थेत दीर्घकाळ, १९५३ मध्ये परराष्ट्रमंत्री. पाच-सहा कार्डे झाली, की खुर्च्यांमधले दरवाजे दिसू लागतात. कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत माणसे ये-जा करतात आणि कोणत्या दाराला कायम कुलूप असते, ही नोंद कार्डाच्या मागच्या बाजूला करावी. कुलपांची नोंद विसरू नये: कामगार संघटनेच्या कार्यालयातून संरक्षण खात्याच्या शिखरावर गेलेला माणूस शोधायला बसलात, तर बराच वेळ मोडेल.

टीका : खरी कसोटी डाल यांची

मिल्स यांच्यावरील टीका वाचताना ती कोणत्या बाजूने आली आहे, ते आधी ठरवावे. समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांनी १९५७ मध्ये केलेली टीका सत्तेच्या मूळ कल्पनेवरच आहे: मिल्स सत्तेला एकाने मिळवली की दुसऱ्याने गमावली अशी ठरावीक वाटणीची वस्तू समजतात, पण सत्ता ही समाजाला सामूहिक उद्दिष्टे गाठण्यासाठी लागणारी शक्तीही आहे. मिल्स यांनी दोन वर्षांनी ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’मध्ये परतफेड केली. पार्सन्स यांचे ५५५ पानांचे पुस्तक साध्या इंग्रजीत दीडशे पानांत आणता येईल, असे म्हणून त्यांनी त्यातल्या परिच्छेदांची सोपी भाषांतरे करून दाखवली. ती पाने वाचायला मजेची आहेत, पण पार्सन्स यांच्या आक्षेपाला ती उत्तर नाहीत, हेही वहीत नमूद करावे.

खरी कसोटी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांची आहे. १९५८ मधील त्यांचा लेख लहान आहे आणि तो सबंध वाचावा. त्यांचा मुद्दा असा, की एखादा गट राज्य करतो असे म्हणायचे तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो गट नेमका कोणता, ज्यांवर त्याचे मत इतरांपेक्षा वेगळे होते असे महत्त्वाचे निर्णय कोणते, आणि त्या निर्णयांत दरवेळी त्याचेच म्हणणे खरे झाले का. मिल्स यांनी हिरोशिमा, कोरिया, व्हिएतनाममधील दिएन बिएन फू अशा निर्णयांची नावे घेतली आहेत, पण एकेक निर्णय उलगडून कोण काय म्हणाले आणि कोणाचे चालले, हे दाखवलेले नाही. डाल यांनी स्वतः ही कसोटी कनेक्टिकटमधील न्यू हेवन या शहराला लावली आणि शहराची पुनर्बांधणी, शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या या तीन विषयांत वेगवेगळ्या माणसांचा प्रभाव पडतो, असा निष्कर्ष १९६१ च्या ‘हू गव्हर्न्स?’ या पुस्तकात काढला.

येथे बरेच विद्यार्थी डाल जिंकले असे लिहून मोकळे होतात. थोडे थांबावे. न्यू हेवनमधील शाळांचा निर्णय आणि अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय यांना एकच मोजपट्टी लावता येईल का, हा पहिला प्रश्न. मिल्स देशपातळीवर बोलत होते आणि स्थानिक पातळीवर ओढाताण असते, हे तर तेही सांगत होते. दुसरा प्रश्न पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ यांनी १९६२ मध्ये विचारला: जो विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर कधी येऊच दिला गेला नाही, त्याची गणना डाल यांची पद्धत कशी करणार? ज्याने कधी कोणत्याही समितीवर काम केले आहे त्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. तिसरी गोष्ट, जी. विल्यम डॉमहॉफ यांनी न्यू हेवनचीच कागदपत्रे पुन्हा तपासून १९७८ मध्ये डाल यांचा निष्कर्ष खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि उत्तरात तो मिटवण्याचा आव आणू नये.

मिल्स यांच्या चित्रात जे नाही, त्याची यादी मात्र स्वतः करावी, ती कोणाच्या लेखातून उतरवू नये. सुरुवात वंशापासून करता येईल: माँटगोमेरीतील कृष्णवर्णीयांचा वंशभेदाविरुद्धचा बस बहिष्कार डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झाला, ‘द पॉवर एलिट’ १९५६ मध्ये आले, आणि ज्या जमावाला मिल्स निष्क्रिय म्हणत होते त्यातलेच काही लोक त्या वेळी कामाला पायी जात होते.

प्रभाव मोजताना

प्रभाव या विषयावर सर्वांत जास्त सैल लिहिले जाते, म्हणून येथे शिस्त हवी. माझा नियम असा: दोन गोष्टी एकामागून एक घडल्या एवढ्यावर ‘प्रभाव’ लिहायचा नाही, दुसऱ्याच्या हाती पहिल्याचा कागद होता, हे दिसले पाहिजे. आयझेनहॉवर यांनी १७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या युतीच्या अवाजवी प्रभावाबद्दल इशारा दिला. तो इशारा मिल्स यांच्या म्हणण्याच्या जवळ जातो, पण जवळ जाणे म्हणजे प्रभाव नव्हे. याउलट टॉम हेडन यांचे उदाहरण पक्के आहे: अमेरिकी विद्यार्थी चळवळीच्या १९६२ च्या पोर्ट ह्युरॉन जाहीरनाम्याचा मुख्य लेखक असलेल्या या विद्यार्थी नेत्याने आपला पदव्युत्तर प्रबंधच मिल्स यांच्यावर लिहिला. १९६० मध्ये ब्रिटनमधील ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेले मिल्स यांचे नव्या डाव्यांना उद्देशून लिहिलेले पत्र हाही असाच पुरावा. बदल घडवणारी शक्ती म्हणून कामगारवर्गाकडेच डोळे लावून बसण्याऐवजी तरुण बुद्धिजीवींकडे पाहा, असे त्यात त्यांनी लिहिले, आणि पुढच्या दशकातील विद्यापीठांतल्या चळवळींच्या संदर्भात ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले गेले.

क्युबाचे प्रकरण वेगळ्या कप्प्यात ठेवावे. ऑगस्ट १९६० मध्ये मिल्स क्युबाला गेले, फिडेल कॅस्ट्रो यांना भेटले आणि क्युबन क्रांतिकारकाच्या आवाजात लिहिलेले ‘लिसन, यांकी’ हे पुस्तक त्यांनी त्याच वर्षी काढले. डिसेंबरमध्ये या विषयावर दूरचित्रवाणीवर होणाऱ्या वादविवादाच्या तोंडावर त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला, आणि २० मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट नायॅक येथे त्यांचा मृत्यू झाला. हे पुस्तक समाजशास्त्र म्हणून वाचू नये. घाईत आणि पक्ष घेऊन लिहिलेली ती पुस्तिका आहे, आणि खुर्च्या मोजणारा माणूस क्युबात गेल्यावर तेथील नव्या खुर्च्या मोजायला विसरला, असे मला ती वाचताना वाटत राहते.

विद्याशाखेतील प्रभाव शोधायचा तर डॉमहॉफ यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांचे ‘हू रूल्स अमेरिका?’ १९६७ मध्ये आले आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. क्लब, शाळा, संचालक मंडळे यांच्या याद्या ताडून पाहण्याची मिल्स यांची रीत त्यांनी अधिक काटेकोर केली.

महाराष्ट्रावर रीत लावायची असेल तर

मराठी विद्यार्थ्याला हा मोह होणारच, आणि तो वाईट नाही. फक्त कंपन्या, लष्कर आणि शासन हा मिल्स यांचा त्रिकोण उचलून आणू नये. महाराष्ट्राच्या सत्तेच्या नकाशात सेनापतीची खुर्ची नाही. येथे सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती, शिक्षण संस्था आणि विधानसभा अशा खुर्च्या आहेत, आणि त्यांच्यातली ये-जा कारकिर्दीइतकीच सोयरिकीतून होते. त्यामुळे कार्डावर ‘कोठून आला’ या रकान्याशेजारी ‘कोणाचा कोण’ असा रकाना वाढवावा लागतो, जो मिल्स यांना क्वचितच लागला. पूर्वीचे काम पाहूनच पुढे जावे: व. म. सिरसीकर यांचा ग्रामीण अभिजनांवरील अभ्यास १९७० चा आहे, अँथनी कार्टर यांचा फलटण परिसरातील राजकारणावरचा १९७४ चा, आणि जयंत लेले यांच्या १९८१ च्या पुस्तकाच्या शीर्षकातच अभिजनांची बहुविधता आणि वर्गाचे राज्य ही दोन्ही टोके समोरासमोर ठेवलेली आहेत, म्हणजे डाल आणि त्यांचे विरोधक यांचा वाद तेथे महाराष्ट्राच्या मातीत उतरलेला दिसतो. माहिती जाहीर कागदपत्रांतूनच घ्यावी: कारखान्यांचे आणि बँकांचे वार्षिक अहवाल, निवडणूक निकाल, आणि २००३ पासूनची उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे. चावडीवर ऐकलेले वेगळ्या रंगाच्या कार्डावर लिहावे आणि त्यावरून निष्कर्ष काढू नये.

महिन्याच्या शेवटी सगळी कार्डे टेबलावर ओतून ती नव्याने लावावीत. मिल्स स्वतः फाइलीतील कप्पे असेच रिकामे करून मिसळत असत. संस्थेनुसार लावली असताना जनरल मोटर्सचे विल्सन आणि जनरल इलेक्ट्रिकचे विल्सन दोन वेगळ्या गठ्ठ्यांत पडतात. सालानुसार लावली, की १९५० ते १९५३ च्या तीन-चार कार्डांत दोघेही मार्शल यांच्या आगेमागे येऊन बसतात, आणि कोरियाचे युद्ध नेमके त्याच गठ्ठ्यात सापडते.